शिकारीचा चाकू शोधायला निघालो आणि मोरा कंपॅनियनवर थांबलो, वावरात दीड वर्ष वापरून लिहितोय

मागच्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, भाऊ आउटडोअरसाठी चांगला चाकू कोणता घेऊ, शिकारीचा म्हणून जे मिळतात ते घेऊ का. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी नागपूरचा, शनिवार-रविवार काटोलकडे काकाजींच्या संत्र्याच्या वावरात असतो, त्यामुळे माझा आउटडोअर म्हणजे बर्फ आणि पाइनचं जंगल नाही, तर ठिबकच्या नळ्या, खताची पोती, बांबू, पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या), शेततळ्यातले रोहू-कतला आणि हिवाळ्यात रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पार्टी. या सगळ्यात जो चाकू टिकला त्याबद्दल हे लिहितोय.

आधी शिकारीचं बोलून घेतो, कारण नावातच शिकार आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि शिकार बंद आहे, त्यात दुमत नको. रानडुक्कर संत्र्याची रोपं उकरून टाकतं, हरभरा लोळवतं, आमचंही नुकसान झालंय, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला लेखी परवानगी लागते, म्हणून पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा कुठेही सफारीला जाताना असा चाकू कमरेला लावून जिप्सीत बसू नका, तो घरीच राहू द्या. म्हणजे आपल्यासाठी "हंटिंग नाइफ" हा फक्त चाकूचा एक आकार आहे, जो युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी जनावर सोलायला आणि मांस वेगळं करायला वापरून वापरून ठरवला. तो आकार आपल्या वावरातल्या कामाला खूप उपयोगी पडतो, एवढाच आपला संबंध.

माझा पहिला चाकू चुकीचा होता. ऑनलाइन फोटो पाहून घेतला, आठ इंची काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मूठ आतून पोकळ आणि तिच्या बुडाला होकायंत्र. हातात घेतला तेव्हा वजनदार वाटला आणि वजन म्हणजे मजबुती असं मी धरून चाललो. डिसेंबरात वावरात रोडगे केले तेव्हा गोवऱ्यांसोबत पेटवायला बाभळीची एक जाड काडी फाडत होतो, चाकू काडीवर धरून वरून लाकडानं ठोकत होतो, चौथ्या-पाचव्या ठोक्याला मूठ माझ्या हातात आणि पातं उडून माझ्या चुलतभावाच्या पायापासून वीतभर अंतरावर जाऊन पडलं. तो चप्पल घालून उभा होता. त्या दिवशी मला घाम फुटला आणि त्याच रात्रीपासून मी चाकू म्हणजे नेमकं काय हे वाचायला आणि माणसांना विचारायला लागलो.

तेव्हा कळलं की चाकूचा जीव मुठीच्या आत असतो. पात्याचं जे शेपूट मुठीत जातं त्याला टँग म्हणतात. पोकळ मुठीच्या चाकूत हे शेपूट दोन बोटं पण नसतं, एका नटावर सगळं लटकून असतं, म्हणून ते ठोक्याला निघतं. पाठीवरचे करवतीचे दात लाकूड कापत नाहीत, ते फक्त अडकतात, आणि ज्या पाठीवर अंगठा ठेवून जोर लावायचा तीच जागा बाद करतात. आठ इंच लांबी तर कशालाच बरी नाही, तोडायला ती कोयत्यापुढे हलकी पडते आणि बारीक कामाला टोक हातापासून इतकं लांब की नेम राहत नाही. काकाजींनी तो चाकू पहिल्या दिवशीच हातात घेऊन परत दिला होता, म्हणाले होते, "हा भिंतीवर टांगाले ठीक हाये, कामाले इळाच बरा." मी ऐकायला हवं होतं.

खरे शिकारी काय वापरतात हे पाहिलं तर उलटंच चित्र निघतं. स्वीडन-फिनलंडमध्ये मूससारखं, म्हणजे मोठ्या हरणाच्या जातीचं, कितीतरी क्विंटलचं जनावर ज्या चाकूनं सोलतात त्याचं पातं साडेतीन ते साडेचार इंच असतं. कारण सोपं आहे, हाडं तोडायची नसतात, सांध्यातून पातं घालून वेगळं करायचं असतं, आपला खाटीक पण बकरा सोलताना छोटी सुरीच घेतो आणि सत्तूर फक्त तुकडे करताना हातात येतो. पात्याच्या पोटाला गोलाई हवी म्हणजे कातडं ओढत ओढत सुटतं, आणि टोक पाठीच्या रेषेपेक्षा थोडं खाली उतरलेलं हवं म्हणजे पोट फाडताना आतलं आतडं टोचत नाही. या खाली उतरलेल्या टोकाला ड्रॉप पॉइंट म्हणतात, आणि अमेरिकेत तो लोकप्रिय करण्याचं श्रेय बॉब लव्हलेस या चाकू बनवणाऱ्या कारागिराला देतात. मी मासे साफ करतो तेव्हा हे तंतोतंत पटतं, रोहूचं पोट फाडताना पित्ताची पिशवी फुटली की अख्खा मासा कडू होतो, तिथे टोक कुठे जाऊन राहिलं हे बोटाला कळलं पाहिजे.

मग मोरा कंपॅनियन घेतला. स्वीडनमध्ये मोरा नावाचं गाव आहे, तिथली ही मोराक्नीव कंपनी, आपला इतिहास १८९१ पासून मोजते. पातं १०४ मिलिमीटर म्हणजे चार इंचाच्या जरा वर, जाडी अडीच मिलिमीटर, प्लास्टिकचं म्यान धरूनही वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. मूठ प्लास्टिकची पण वरून रबरासारखी, ओल्या हातात, माशाच्या चिकट हातात, संत्र्याच्या रसाच्या हातात, कशातही सरकत नाही. पुढच्या बाजूला बोट थांबायला छोटा उंचवटा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण टोचताना हात धारेवर घसरला की बोटाची शीर जाते. दिसायला मात्र एकदम साधा, पार्सल उघडलं तेव्हा घरच्यांना वाटलं मी भाजी कापायची सुरी मागवली.

धार कशी आहे ते सांगतो कारण खरी गंमत तिथेच आहे. याला स्कँडी ग्राइंड म्हणतात, म्हणजे पातं अर्ध्यापर्यंत सपाट येतं आणि तिथून दोन्हीकडून सरळ उतार होऊन एकदम धारेला मिळतं, मध्ये दुसरा बारीक उतार नाही. लाकडात हा चाकू असा बसतो की तुराटीच्या काडीचे पातळ कुरळे काप पेन्सिलीच्या सालीसारखे निघतात, ओल्या पावसाळ्यात चूल पेटवायला असे मूठभर काप पुरतात, रॉकेल लागत नाही. बांबूची कामठी काढताना पण तसंच, पातं रेषा सोडत नाही. पण बटाटा, गाजर, कच्ची पपई असं कडक काही कापलं की याच उतारामुळे ते कापण्याऐवजी फाटतं, रोडग्यांसोबतच्या वांग्याच्या भाजीला वांगी-कांदे ठीक कापतो, बटाट्याला घरची सुरी घ्यावी.

बागेत याचा सगळ्यात मोठा उपयोग मला डिंक्यासाठी झाला. ज्यांच्याकडे संत्रा आहे त्यांना माहीत आहे, बुंध्याला साल फाटून डिंक यायला लागला की रोगट साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी लागते, मग पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवून त्यावर बोर्डो मलम लावायचं, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आधी आम्ही हे इळ्यानं करायचो आणि चांगली साल पण जखमी व्हायची. मोराच्या टोकानं फक्त रोगट भाग अलगद निघतो, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं स्पिरिटनं पुसून घ्यायला सोपं जातं, नाहीतर आपणच रोग वाटत फिरतो. पण डोळा बांधायला, म्हणजे कलम करायला, हा चाकू वापरू नका. जंबेरीच्या खुंटावर टी आकाराचा काप घ्यायला आणि साल उचलायला पातळ पात्याचा कलमाचा चाकू वेगळाच लागतो, याचं अडीच मिलिमीटर पातं तिथे जाड पडतं, मी दोन डोळे वाया घालवून मग थांबलो.

आता कार्बन की स्टेनलेस. हा चाकू दोन्हीत येतो आणि मी दोन्ही घेतले, आधी कार्बनवाला, कारण सगळीकडे वाचलं होतं की कार्बन स्टील लवकर धार घेतं आणि जास्त टिकवतं. ते खरंच आहे, दगडावर चार-पाच हातात केस काढण्याइतकी धार येते. पण ज्या माणसाचं निम्मं काम संत्र्यात आहे त्यानं तो घेऊ नये. सायट्रिक अ‍ॅसिड लागलं की कार्बनचं पातं दहा मिनिटांत करडं-काळं पडतं, कापलेल्या फोडीला लोखंडाची चव लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या हातानं म्यानात घालून विसरलात तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. तो काळा थर मुद्दाम कडक चहात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून आणता येतो, तो आला की गंज कमी धरतो, वरून गोडेतेलाचं बोट फिरवायचं. हे सगळं करायची आवड असेल तर कार्बन जरूर घ्या. माझ्याच्यानं दर वेळी होत नाही, संध्याकाळी साडेसातला वावरातून निघताना आधी मोटर बंद केली का ते बघायचं असतं.

स्टेनलेसवाला १२सी२७ या स्वीडिश स्टीलचा आहे. त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतं, हेच क्रोमियम वर एक पातळ थर धरून गंज थांबवतं. कडकपणा रॉकवेलवर, म्हणजे स्टीलचा कडकपणा मोजायच्या मापावर, ५६ ते ५८ च्या आसपास, म्हणजे धार टिकेल इतका कडक पण दगडावर तास घालवावा लागेल इतकाही नाही. दीड वर्षात, म्हणजे दोन पावसाळे आणि एक पंचेचाळीस डिग्रीचा मे महिना धरून, पात्यावर एक डाग नाही. नागपूरच्या माणसानं डोळे झाकून स्टेनलेस घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पात्यावर नुसतं "स्टेनलेस" किंवा "४४०" लिहिलेलं पाहून कोणताही चाकू घेऊ नका, ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार असतात आणि त्यांच्यात कार्बनचा बराच फरक असतो, जो बनवणारा अक्षर लिहित नाही त्याला ते लिहायचं नसतं.

दुकानात जाऊन घ्यायचा असेल तर इतवारीत लोहा ओळीत चक्कर मारा, इळे, कुऱ्हाडी, फावडी, खुरपी सगळं मिळतं, आणि हातात धरून पाहता येतं हा मोठा फायदा. मला तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं जे शिकवलं ते इतकं कामाचं आहे की आता मी खिशात छोटी कानस ठेवतो. दुकानदाराला विचारून पात्याच्या मुठीजवळच्या कोपऱ्यावर कानस हलकेच घासायची, ती काचेवर घसरल्यासारखी सर्रकन गेली तर पातं कडक आहे, आणि चावून कीस निघाला तर ते नरम आहे, त्याला कितीही धार लावा, दोन पोती उघडली की गेली.

लोहाराकडून बनवून घेतलेला चाकू पण माझ्याकडे आहे आणि तो मला मनापासून आवडतो. आठवडी बाजारात बसणाऱ्या लोहारदादांकडून ट्रकच्या कमानी पट्ट्याचा करून घेतला, स्प्रिंगचं स्टील असल्यामुळे लवचिक आणि चिवट असतं, मोडत नाही. त्यांनी पातं लाल केलं, रंग बघत बघत बाहेर काढलं आणि जळक्या तेलात बुडवलं. मी म्हटलं पाण्यात का नाही, तर म्हणाले, "भाऊ, या पट्ट्याले पाण्यात पाणी देलं तं तडकते, तेलातच द्या लागते." पाणी देणं हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, आणि धार पाजवणं पण, पण लोखंडाला खरंच पाजतात हे डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. त्यानंतर त्यांनी पातं परत हलकं गरम केलं, ते केलं नाही तर काचेसारखं ठिसूळ राहतं. हा चाकू जाड आहे, साडेचार-पाच मिलिमीटर, पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, त्यामुळे लाकूड ठोकून फाडायचं असेल तर मी हाच काढतो. मासे आणि डिंक्याला तो चालत नाही, फार जाड आहे. आणि एक गोष्ट मनात राहते, चारशे-पाचशे रुपयांत तो माणूस भर उन्हात भट्टीपुढे तासभर बसतो, तिथे घासाघीस करू नका.

घडीचा चाकू हवा असेल, म्हणजे बॅगेत किंवा गाडीच्या डिक्कीत टाकायला, तर ओपिनेल आठ नंबर बघा. फ्रान्समधल्या साव्हॉयचा, १८९० पासूनचा, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, आणि मानेजवळ एक फिरणारी कडी जी पातं उघडं असताना अडकवून ठेवते म्हणजे ते बोटावर मिटत नाही. ही कडी १९५५ पासून आली. फळं, पोळीभाजीचा डबा, टमाटे, कांदा याला मोरापेक्षा ओपिनेल छान. पण मूठ लाकडाची आहे, लाकूड पाणी प्यायलं की फुगणारच आणि पातं घट्ट होणारच, तो पावसाळी कामाचा चाकू नाही. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू माझ्या भाच्याकडे आहे, कात्री-चिमटा-ओपनर सगळं कामाचं, पण नेहमीच्या छोट्या मॉडेलमध्ये पात्याला लॉक नसतं हे लक्षात ठेवून वापरा, टोचायच्या कामाला नको.

मोराचं कमी काय ते पण सांगितलं पाहिजे. टँग पूर्ण लांबीचं नाही, मुठीत अर्ध्याच्या पुढे जातं आणि थांबतं. रोजच्या कामाला ते पुरेसं आहे, मनगटाएवढी काडी ठोकून फाडली तरी मला काही जाणवलं नाही, पण बाभळीचं गाठीचं खोड किंवा वाळलेला साग यावर ठोकाठोकी करायची नाही, त्यासाठी ३.२ मिलिमीटरचं हेवी ड्यूटी मॉडेल येतं नाहीतर सरळ कुऱ्हाड घ्या. पाठ चौकोनी धारदार नाही, त्यामुळे चकमकीच्या रॉडवर ठिणगी पाडायला ती फारशी कामाची नाही. म्यानात पातं फक्त दाबून बसतं, वरून पट्टी नाही, म्हणून झाडावर चढणार असाल तर आधी काढून खाली ठेवा. आणि धारेचा उतार एकच असल्यामुळे धार बारीक असते, हाडावर किंवा तारेवर मारली तर दातरे पडतात, त्यात चाकूचा दोष नाही, ते काम त्याचं नाहीच.

धार लावण्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे लोक चांगले चाकू खराब करून राहिले. गल्लीत सायकलवर किंवा मोटरवर धार लावणारे येतात, घरच्या सुऱ्यांना ठीक आहे, पण असा चाकू त्या फिरत्या चाकावर देऊ नका. कोरडं चाक फिरतं, ठिणग्या उडतात, आणि धारेच्या कडेला निळसर झाक आली की समजायचं तिथलं पाणी उतरलं, म्हणजे स्टील इतकं तापलं की कडकपणा गेला, आता ती कड घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. त्यापेक्षा १००० आणि ३००० ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दोन बाजूंचा दगड घ्या, दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, आणि मोराचा तो रुंद उतार दगडावर सपाट टेकवून पुढे-मागे चालवा. स्कँडीचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, कोन हातानं धरावा लागत नाही, उतार टेकला की कोन आपोआप बरोबर. एका बाजूनं घासताना दुसऱ्या बाजूला अंगठ्याच्या पोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेनं वीसेक वेळा ओढायचं. पहिल्यांदा मला एक तास लागला, आता दहा मिनिटं. महिन्यातून एकदा पुरतं, पट्ट्यावर मात्र मी दर रविवारी ओढतो.

नेण्या-आणण्याचं पण सांगतो. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांच्या यादीत येतात, शेती आणि घरकामासाठी बनवलेले वगळून. मोरा चार इंचाचा, त्यामुळे तो त्याच्या खूप आत आहे. पण याचा अर्थ कमरेला लावून बर्डीच्या बाजारात फिरा असा नाही. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू बाळगणंही येतं, सणावारात आणि निवडणुकीत तर हमखास. मी वावरातून निघताना चाकू धुऊन, पुसून, म्यानात घालून, औजारांच्या डब्यात टाकून डब्याला कडी लावतो. विमानात जायचं असेल तर हँडबॅगेत नाही, चेक-इनच्या सामानात.

किंमत मला दोन हजारांच्या आसपास पडली, वर-खाली होत राहते. त्या पोकळ मुठीच्या चाकूला बाराशे गेले होते, म्हणजे फरक फार नाही. रंग निवडताना हिरवा घेऊ नका, मी हिरवा घेतला आणि गवतात ठेवला की सापडत नाही, दोनदा मोबाइलच्या उजेडात झाडाखालून शोधून काढला. नारिंगी मूठ मिळते, ती घ्या.

काकाजींनी पहिले दोन महिने याला हात लावला नाही. मग एक दिवस डिंक्याचं काम चालू असताना माझ्या हातातून घेतला, एक बुंधा साफ केला, मग दुसरा, संध्याकाळपर्यंत अठरा झाडं झाली. आता तो म्यानासकट त्यांच्या बनियनच्या खिशात असतो, आणि माझ्यासाठी मी दुसरा ऑर्डर केलाय, नारिंगी, स्टेनलेस.